रविवार सव्वासहाचा बर्फ

४ जानेवारी, रविवार

ही वही कस्तुरीनं दिली. मुलींच्या हजेरीसाठी आणली होती, पण मुली चारच. चौघींच्या हजेरीला एवढी जाड वही कशाला, म्हणून माझ्याकडे आली. म्हणाली, "आजी, तू बोलते ते सगळं लिहून ठेव, माझा डोकं रिकामा होईल." नात इथं जन्मली, तिचा बापही इथलाच, तेव्हा मराठी असं. मी सुधारत बसत नाही. माझी शाळा चौथीत सुटली. एकोणिसाव्या वर्षी ह्यांच्याबरोबर वाईहून कॉव्हेंट्रीला आले, हे मोटारीच्या कारखान्यात आणि मी बावीस वर्षं बिस्किटांच्या पॅकिंगला. लिहिलं काय, तर खोक्यांवरचे नंबर आणि गावाकडची पत्रं. तरी लिहिणार. कोण तपासायला येतंय!

आज पहाटे तिच्याबरोबर रिंकवर गेले. पलीकडच्या गावात आहे, गाडीनं वीस मिनिटं. छपराखाली बर्फाचं मैदान, त्याभोवती लाकडी कठडा आणि काच. पायांत सुऱ्या लावल्यासारखे बूट घालून मुली काळ्या रबराच्या चकतीमागे काठ्या घेऊन धावतात, ती आईस हॉकी. कस्तुरी सातव्या वर्षापासून खेळली. देशाच्या टीमच्या कॅम्पला बोलावणं आलं होतं तिला. दोन वर्षांपूर्वी मॅचमध्ये गुडघा गेला, दोन ऑपरेशनं झाली, खेळणं संपलं. आता बारा वर्षांखालच्या मुलींना शिकवते. साध्या बुटांत कठड्याबाहेर उभी राहते आणि शिट्टी मारते. साहेब झाली ना आता! साहेब कशाला बर्फावर उतरेल. इतकं बरं वाटलं बघून की थंडीचं भानच राहिलं नाही.

क्लबचे सेक्रेटरी ग्रॅहम भेटले. माझा हात दोन्ही हातांत घेतला, आजी आली म्हणजे लव्हली झालं म्हणाले. कस्तुरीला म्हणाले, "अकरा मुली, फेब्रुवारीचा शेवटचा रविवार. नो प्रेशर." रविवारी सव्वासहा ते सव्वासात बर्फ मुलींचा असतो. अकरा नावं झाली नाहीत तर तो तास जाणार आणि टीमही जाणार. तसं पत्रच दिलंय डिसेंबरात, आमच्या फ्रिजवर लावलंय.

गाडीत मी म्हटलं, "किती सभ्य माणूस."

"आजी, तो नो प्रेशर बोलला ना, तोच प्रेशर आहे."

असेल. मला तर गोड वाटला.

१० जानेवारी, शनिवार

मुली हव्यात म्हणून लायब्ररीत कागद लावले, दोन शाळांत लावले. एक मुलगी आली, एक गेली. म्हणजे चार त्या चारच.

विनय जेवताना बोलला. माझा मुलगा मुळात बोलत नाही, कौन्सिलच्या रस्ते खात्यात आहे, दिवसभर खड्ड्यांच्या तक्रारी ऐकतो, घरी येऊन गप्प बसतो. आज बोलला. "सव्वीस वर्षांची झाली. अर्धवेळ नोकरी, उरलेला वेळ बर्फावर. त्या बर्फानं हिला काय दिलं? एक प्लेट आणि सहा स्क्रू."

कस्तुरीनं ताट उचललं आणि वर गेली.

माझी सून सुहासिनी म्हणाली, "अहो, एवढं बोलायची काय गरज होती?"

"कोणीतरी बोलायला पाहिजे."

मी म्हटलं, "मग बोललास, झालं. आता भाजी घे." माझ्या घरात माझ्या नातीला हरवायला निघालेल्या माणसाला मी भाजी वाढली, पण कमी वाढली.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

गूळ इथला चिकट. पाक दोनदा बिघडला. तिसऱ्या वेळी वड्या पडल्या, तेवढ्यात डोक्यात आलं. हळदीकुंकू!

आपल्या इथं संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी बायका येतात. कुंकू लावायचं, तिळगूळ द्यायचा, वाण द्यायचं. वाट्या, डबे, पिशव्या, जे असेल ते. आणि वाणाला नको म्हणता येत नाही. आजवर कोणी वाण परत दिलेलं मी बघितलं नाही, ना वाईला, ना कॉव्हेंट्रीला. मग वाण असं द्यायचं की बाईला मुलगी घेऊन रिंकवर यावंच लागेल.

कस्तुरीच्या खोलीत काठीला गुंडाळायच्या पट्टीचा खोका पडलाय, खेळत होती तेव्हाचा. कापडी पट्टी, पांढरी, छान घट्ट रोळ. प्रत्येकीला एक रोळ आणि त्याला बांधलेली चिठ्ठी. रविवार, सव्वासहा, मुलीला घेऊन या.

सुहासिनीला सांगितलं. ती चष्म्याच्या दुकानात काम करते, ओळखी भरपूर. म्हणाली, "मस्त आहे आई. मी करते आमंत्रणं."

"तू कर आमंत्रणं. कुंकू मी लावणार."

तिनं हातातली वडी ताटात ठेवली. मग म्हणाली, "तुम्ही?"

हे जाऊन नऊ वर्षं झाली. नऊ वर्षं ती बाहेरच्या खोलीत कुंकू लावते आणि मी किचनमध्ये भजी तळते. मला कोणी आत जा म्हटलं नव्हतं. मीच गेले. पहिल्या वर्षी रडत तळली, मग सवय झाली, मग भज्यांचं कौतुक व्हायला लागलं. पण टीम माझ्या नातीची, युक्ती माझी, आणि मी झारा घेऊन उभी राहू?

"आई, लोक काय म्हणतील?"

"चहा प्यायला की घरी जातील."

ती हसली. नंतर भांडी घासताना मला दिसू नये असे डोळे पुसले. कांदा तर सकाळीच चिरून झाला होता. दुकानात काही झालं असेल.

२५ जानेवारी, रविवार. रथसप्तमी

दमलेय पण लिहिणार.

चोवीस बायका आल्या. काही पुण्याच्या नवीन मुली, नवऱ्यांच्या नोकऱ्या लागल्या म्हणून आलेल्या. काही आमच्यासारख्या जुन्या. मी नारायणपेठ नेसले, जी नऊ वर्षं कपाटात होती. दारातच करंडा घेऊन उभी राहिले, म्हटलं सुरुवातीलाच काय ते होऊन जाऊ दे.

पहिल्या दोघीतिघी नवीन मुली. त्यांनी पटकन कपाळ पुढं केलं, त्यांना बहुतेक माहीतही नसावं. मग नीनाताई आल्या. इथल्या मराठी मंडळाच्या जुन्या सेक्रेटरी, बासष्टच्या असतील, नवरा ठणठणीत. बरोबर नात मायरा, नऊ वर्षांची. मी बोट पुढं केलं आणि नीनाताईंचं डोकं मागं गेलं. एवढंसंच गेलं, बोटभर. पण खोलीत सगळ्यांना दिसलं.  चहाचे कप मधेच राहिले.

"यमुनाताई, तुम्ही बसा ना," नीनाताई म्हणाल्या. "सुहासिनी लावेल."

मी म्हटलं, "बसायला नऊ वर्षं मिळाली मला. आज उभीच राहते."

माझा हात तसाच हवेत.  तेवढ्यात सुहासिनी आतून आली, नीनाताईंच्या पुढं येऊन उभी राहिली आणि माझ्यासमोर वाकली. सून माझी, सहा फुटाची नाही पण त्या वेळी तेवढी वाटली. मी तिला कुंकू लावलं. भरपूर लागलं, नाकावर सांडलं. तिच्यामागे एकेक करून सगळ्या आल्या. नीनाताई म्हणाल्या पार्किंग संपतंय, आणि निघाल्या. कुंकू न घेता गेल्या.

जाऊ दे. मी कोणाच्या मागं धावले नाही.

वाण बघून हसू झालं. "काकू, चिकटपट्टी?" "हॉकीच्या काठीला लावतात." "पण आमच्याकडे काठी नाही." "काठी रिंकवर मिळते, मुलगी तुमच्याकडे आहे." एक म्हणाली, "मला मुलगाच आहे." म्हटलं, "शेजारणीला असेल की. वाण घेतलंय, आता शोध."

रात्रीची आवराआवर करताना कस्तुरीनं रोळ मोजले. चोवीस ठेवले होते, एकही उरला नव्हता. नीनाताई तर रिकाम्या हाती गेल्या. मग आठवलं, त्या दारात बूट घालत होत्या तेव्हा मायरानं ताटातला एक रोळ उचलून खिशात घातला होता. मला वाटलं वडी घेतेय.

१ फेब्रुवारी, रविवार

सहा आल्या! सहा नवीन! एका दमात दहा!

दोन त्या पुण्याच्या मुलींच्या लेकी, एक त्या मुलगेवालीच्या शेजारची जसलीन, दोघी शाळेतल्या कोणाच्या कोणी, मला नावं नीट आठवत नाहीत. आणि सहावी मायरा. तिच्यामागे नीनाताई, कानटोपी, दोन शाली, चेहरा असा की कोणी उसने दागिने मागितलेत.

मी म्हटलं, "या."

"यायलाच लागलं. वाण घरात आलंय. परत कसं करणार? आणि ही पट्टी उशाशी घेऊन झोपते."

बसल्या. माझ्यापासून तीन खुर्च्या सोडून.

पोरी नुसत्या पडत होत्या. कठडा सोडला की पडायच्या, कठडा धरला तरी पडायच्या. कस्तुरी बाहेरून ओरडत होती, "गुडघे वाकव! वाकव गुडघे! खुर्चीवर बसते तशी!" मायराला गोलमध्ये उभं केलं. ते पॅड बांधून ती गादीसारखी दिसत होती. चकती आली की डोळे मिटायची आणि तरी अंगावर घ्यायची. कस्तुरी मला म्हणाली, "आजी, ही गोलकीपर आहे. हिला पळायची इच्छाच नाही."

घरी आलो तर विनय नव्हता. सुहासिनी म्हणाली, दूध आणायला गेलाय. साडेआठला आला, हात हलवत. दुकान दहाला उघडतं रविवारी, हे पन्नास वर्षांच्या माणसाला आठवू नये? नाक लाल झालेलं. गाडीत हीटर लावत नाही, कंजूष.

८ फेब्रुवारी, रविवार

आज माझं चुकलं. लिहायला नको वाटतंय, पण वही काय फक्त शाबासकीची आहे?

पोरी उपाशीपोटी पहाटे येतात. मला बघवत नव्हतं. साजूक तुपातला शिरा केला, केळं घातलेला, थर्मासच्या डब्यात गरम नेला. सगळ्यांनी खाल्ला. जसलीननं तीनदा घेतला. मग बर्फावर गेल्या, कस्तुरीनं त्यांना गोल गोल फिरवलं, आणि जसलीननं कठड्यालगत, बर्फातल्या निळ्या रेघेवर, सगळा शिरा परत केला.

शिट्टी वाजली, सगळं थांबलं. ग्रॅहम आले. आवाज चढवला नाही, कधीच चढवत नाहीत. काहीतरी लिहून घेतलं. कस्तुरीनं स्वतः फावडं घेतलं आणि बर्फ खरवडला, कठड्यावरून वाकून जेवढा हात पुरेल तेवढा. उरलेला टीममधल्या मोठ्या मुलीनं केला.

गाडीत म्हणाली, "आजी, आधी विचारायचं ना."

"गरम गरम खाऊन गेलं तर—"

"आजी."

मी रिकामा डबा मांडीवर घेतला. पण मनात म्हटलं, मी भुकेल्या पोरींना खायला घातलं. याची माफी मी मागणार नाही. पुढच्या वेळी तूप कमी घालेन, एवढंच.

संध्याकाळी जसलीनच्या आईचा मेसेज आला, आता पाठवणार नाही. नऊ. आणि ग्रॅहमचं ईमेल आलं. नवख्या मुली असल्या की कोच बर्फावर असला पाहिजे, तसा क्लबचा नियम आहे. बाहेरून शिकवलेला तास धरला जाणार नाही.

कस्तुरीनं ते दोनदा वाचलं आणि फोन पालथा ठेवला. मला कळेना यात एवढं काय. उतरायचं की बर्फावर, बूट तर कपाटात आहेत.

१५ फेब्रुवारी, रविवार

कस्तुरी बर्फावर उतरली!

बेंचवर बसून लेस बांधत होती. वीस मिनिटं. बांधायची, सोडायची, परत बांधायची. मला वाटलं लेस अडकलीय, म्हणून गेले आणि खाली बसले मदत करायला. तिचे हात गार पडलेले. मी लेस हातात घेतली, बिस्किटांच्या खोक्यांना मी दिवसाला चारशे गाठी मारायचे, माझी गाठ सुटत नाही. घट्ट ओढली.

"जास्त घट्ट?"

"नको सोडू," म्हणाली. मग मला धरून उभी राहिली. एवढं धरलं की दंडावर अजून वळ आहे.

कठड्याचं दार उघडलं, ती गेली. आधी कडेकडेनं. मग एक लांब पाऊल, मग दुसरं. मग काय सांगू! सगळ्या पोरी बघतच राहिल्या. एक फेरी मारली तिनं, वळताना ते बूट बर्फावर असा आवाज करतात, कापड फाडल्यासारखा. मायरा ओरडली, "कोच, तुला खरंच येतं!"

मी टाळ्या वाजवल्या. वळून बघते तर वरच्या बाजूला कॉफीच्या मशीनपाशी विनय. हा कधी आला? एका हातानं मशीन धरून उभा होता, कप भरून ओसंडत होता, कॉफी बुटांवर सांडत होती आणि ह्याचं लक्ष नाही. मशीन बिघडलं असणार. मी हाक मारली तर म्हणाला, "इथनं चाललो होतो." पहाटे सहाला रस्त्याचा खड्डा बघायला आला असेल, दुसरं काय.

पण चेहरा आजारी माणसासारखा. नीनाताई हळूच म्हणाल्या, "तिचा गुडघा गेला तेव्हा तो इथंच होता ना बसलेला?" होता. पहिल्या रांगेत. त्यांना बरं लक्षात.

नीनाताई आता एकच खुर्ची सोडून बसतात.

सुहासिनीच्या गिऱ्हाइकांपैकी दोन बहिणी आल्या. अकरा झाल्या. अकरा! फ्रिजवरच्या पत्राखाली मी पेनानं अकरा रेघा मारल्या.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

कस्तुरी कामावरून आली, फोन बघितला, आणि सगळ्या मुलींच्या जर्सी धुवायला काढल्या. धुतलेल्याच होत्या. परत धुतल्या. मग किचनमध्ये येऊन माझ्याजवळ बसली.

"आजी, तू सगळं करून पण कोणी नाही बोलला तर काय करते?"

मी म्हटलं, "कोण नाही म्हणालं?"

"कोणी नाही. असंच."

मी तिला पॅकिंगमधली गोष्ट सांगितली, सुपरवायझरनं आम्हा आठ बायकांना रविवारी दुप्पट काम लावलं होतं आणि आम्ही सरकत्या पट्ट्यासमोरून हललोच नाही, काम पण केलं नाही आणि घरी पण गेलो नाही, बिस्किटं येत राहिली आणि खाली पडत राहिली. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं होतं. जड डोकं. मी तासभर हलले नाही, भात करपला.

२२ फेब्रुवारी, रविवार

सगळं नीट लिहिते. आधी हे, मग ते.

बारा मुली आल्या. जसलीन परत आली, आईचा हात ओढत. आई मला म्हणाली, "ती ऐकतच नाही. पण तुमचा तो हलवा नको." म्हटलं बरं.

कस्तुरी बर्फावर होती. तास छान झाला. मायरानं डोळे उघडे ठेवून तीन अडवले. सव्वासातला ग्रॅहम पाटीवर कागद लावून आले. मुली मोजल्या. फँटॅस्टिक म्हणाले, इन्स्पायरिंग म्हणाले. मला वाटलं झालं! नीनाताईंचा हात धरला मी आनंदानं.

मग म्हणाले, ईमेलमध्ये कळवलंच आहे, कमिटी बुधवारी बसली, मार्चपासून हा तास चौदा वर्षांखालच्या मुलांना दिलाय. त्यांना जास्त सरावाची गरज आहे. मुलींसाठी सप्टेंबरात काहीतरी नक्की बघू.

गुरुवारचं ईमेल ते होतं. पोरीनं तीन दिवस एकटीनं पोटात ठेवलं आणि तरी बारा मुलींना शिकवायला आली.

रिंकवर तास संपला की भोंगा वाजतो, कोपऱ्यातलं मोठं दार उघडतं आणि बर्फ गुळगुळीत करणारं मशीन आत येतं, हत्तीएवढं. बर्फावर एक जरी माणूस असलं तरी ते येऊ शकत नाही. भोंगा वाजला. दार उघडलं. केविन म्हणून आहे चालवणारा, तो तयार. पलीकडे मुलांची टीम हेल्मेटं घालून उभी, आईबाप कॉफी घेऊन.

कस्तुरी मधल्या ठिपक्यापर्यंत गेली आणि खाली बसली. मांडी घालता येत नाही तिला, एक पाय सरळ ठेवून बसली. मुलींना काही बोलली नाही. मायरा गोल सोडून आली आणि तिच्याशेजारी धपकन बसली. मग एकेक करून बाराही.

"कस्तुरी," ग्रॅहम म्हणाले, "टाइम्स अप."

ती म्हणाली, "माहीत आहे." इंग्रजीत म्हणाली, पण एवढं मला कळतं. "तुम्ही अकरा मागितल्या, मी बारा आणल्या. आता तुम्ही सांगा इथं कोणाचा टाइम संपला."

"बी रीझनेबल."

"दोन महिने रीझनेबल होते. आज नाही."

मला बसवेना. दार उघडलं आणि बर्फावर पाय टाकला. साडी, स्वेटर, थंडीचे बूट. दुसऱ्याच पावलाला घसरले, आणि मागून कोणीतरी दंड पकडला. विनय.

"आई, पडशील!"

"मग धर की!"

धरलं त्यानं. दोघं कासवासारखे मधल्या ठिपक्यापर्यंत गेलो. कस्तुरीनं बापाकडे बघितलं. त्यानं कोट काढला, बर्फावर पसरला, मला त्यावर बसवलं आणि स्वतः तिच्या त्या सरळ पायाशेजारी बसला. कौन्सिलचा माणूस, इस्त्रीची पँट. म्हणाला, "पाय थंड पडतोय का? वर घे, माझ्यावर ठेव." तिनं ठेवला.

मग नीनाताई! दोन शाली सांभाळत, देवाचं नाव घेत, रांगत आल्या म्हटलं तरी चालेल. माझ्याखालच्या कोटाच्या कोपऱ्यावर बसल्या. मधे एकही खुर्ची नाही.

"पार्किंग संपलं नाही का आज?" मी म्हटलं.

"गप्प बसा हो यमुनाताई. खालून केवढं गार लागतंय."

ग्रॅहम इकडून तिकडे फोन करत फिरले. मुलांचे आईबाप घड्याळं बघायला लागले. एक बाप ओरडला, आमच्या पोरांचा तास वाया जातोय. जसलीनची आई कठड्यावरून त्याला म्हणाली, "हो ना? कसं वाटतंय?" केविननं मशीनचं इंजिन बंद केलं, खिशातून सँडविच काढलं आणि खायला लागला.

वीस मिनिटांनी रिंकची मॅनेजर आली, लिंडा नावाची. गोल चेहऱ्याची, झोपेतून उठून आलेली. कस्तुरीनं पत्र काढलं, फ्रिजवरचं. खाली माझ्या अकरा रेघा. लिंडानं वाचलं. ग्रॅहमना विचारलं, "सही तुमची?" ते म्हणाले, ते गाइडलाइन होतं. ती म्हणाली, "बर्फ रिंकचा आहे. क्लबला तो मी देते. मला सांगितलं होतं मुली नाहीतच." मग बर्फाकडे बघून बोट नाचवत मोजलं. बारा मुली, एक कोच, दोन म्हाताऱ्या आणि विनय.

म्हणाली, "सव्वासहा ते सव्वासात, जूनच्या शेवटपर्यंत तुमचा. मग पुन्हा बघू. आता उठा, प्लीज."

पोरी ओरडल्या. मी कस्तुरीला म्हटलं, "बाईला सांग, लिहून दे."

"आजी!"

"मी चौथी शिकलेय, पण कागद कळतो मला. तोंडी काही नको. अकरा पण तोंडीच असते तर?"

कस्तुरीनं सांगितलं. लिंडा हसली, ग्रॅहमच्याच पाटीवर, ग्रॅहमच्याच पेननं लिहून सही केली. तोवर कोणी उठलं नाही.

नंतर मला उठताच येईना. कंबर गोठलेली. चार पोरींनी ओढून काढलं.

२३ फेब्रुवारी, सोमवार

झोपूनच आहे. सुहासिनीनं तेल गरम करून कंबर चोळली. म्हणते, "चौऱ्याहत्तराव्या वर्षी बर्फावर बसतात का?" म्हटलं, "आधी कोणी बसूच दिलं नाही."

विनयनं विचारलं नाही, सांगितलं नाही, गराजमधून कस्तुरीची जुनी काठी काढली आणि नवीन पट्टी गुंडाळत बसला. वाकडी गुंडाळली. कस्तुरीनं परत सोडून त्याला शिकवलं.

८ मार्च, रविवार

पहिली मॅच. समोरची टीम चार वर्षं खेळणारी, पोरी माझ्या खांद्याएवढ्या. आम्ही अकरा-शून्य हरलो.

मी लपवत नाही. अकरा गोल खाल्ले. मायरानं एक असा अडवला की चकती तिच्या पोटात अडकली आणि ती तिला धरून बसली, सोडेचना, पंचानं मागितली तेव्हा दिली. नीनाताई एवढ्या ओरडल्या की आता आवाज गेलाय, फोनवर नुसत्या हुं हुं करतात. जसलीन एकदाही पडली नाही. विनयनं सगळ्या मॅचभर दोन्ही हातांनी कठडा धरला होता, पण जागेवरून हलला नाही.

संपल्यावर आमच्या पोरी रांगेत उभ्या होत्या, हेल्मेटातून वाफ येत होती. रडत कोणी नव्हतं. ग्रॅहम आले, कस्तुरीच्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, "टफ डे." गोड माणूस, अजूनही मला तसंच वाटतं, काय करू. कस्तुरीनं त्यांचा हात खांद्यावरून काढून हातात घेतला, हलवला, आणि म्हणाली, "आमच्यासाठी नव्हता."

जूनच्या शेवटपर्यंत अजून सोळा रविवार आहेत, ईस्टरचा धरून. त्यांनी मोजले नसतील तर मी मोजलेत.